रविवारच्या सुटीआड गेलेली पाचवी मागणी

१/ नारायण मेघाजी लोखंडे हे नाव उच्चारले की आपल्याला रविवारची सुटी आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या अर्जात ती सुटी मागितली गेली, त्याच अर्जाच्या शेवटी आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करताना जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उपजीविकेची योग्य तरतूद व्हावी, अशी ती मागणी. वर्ष होते १८८४. आजचा हा धागा त्या विस्मरणात गेलेल्या पाचव्या मागणीविषयी आहे.

२/ मित्रहो, मत आरंभीच स्पष्ट करणे बरे. कारखान्यांतील सुरक्षिततेचा इतिहास आपण सनावळीसारखा पाठ करतो: १८८१चा कायदा, १८९१चा कायदा, १९२३चा, १९४८चा. त्यातून असा समज होतो की सुरक्षितता ही सरकारने वेळोवेळी दिलेली देणगी आहे. माझ्या मते या इतिहासाचा खरा प्रश्न निराळा आहे. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला धोका सर्वांत आधी दिसतो; मग तो धोका बोलून दाखवण्याचा आणि ते बोलणे ऐकले जाण्याचा अधिकार त्याला केव्हा मिळाला?

३/ प्रथम त्या काळची गिरणी डोळ्यांसमोर आणू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीसाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या परिसरात गिरण्यांची चिमणी दिसत नाही असा कोपरा उरला नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे शेतीची अवजारे जाणत होती. वाफेच्या बळावर अखंड फिरणारी यंत्रे त्यांच्यापैकी बहुतेकांनी पूर्वी कधी पाहिलेली नव्हती.

४/ त्या काळी प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. एका मोठ्या वाफेच्या इंजिनातून निघालेली शक्ती छताजवळ फिरणाऱ्या लांबच लांब लोखंडी दांड्याला मिळे, आणि तेथून चामड्याचे पट्टे खाली येऊन एकेक यंत्र फिरवत. एखाद्याचे धोतर, सदऱ्याची बाही वा लुगड्याचा पदर पट्ट्यात सापडला तर संपूर्ण खात्याचे इंजिन त्याच्यासाठी तत्काळ थांबत नसे. पिंजणयंत्राचे दात, एकमेकांत गुंतणारी चाके, साच्यातून उडून थेट डोळ्यावर आदळणारा धोटा, हे सारे रोजच्या कामाचे भाग होते. यंत्राखालचा कापूस झाडायला लहान मुले वापरली जात, कारण त्यांची अंगे अरुंद जागेत मावत.

५/ डोळ्यांना चटकन न दिसणारा धोका हवेत होता. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेली की छाती आवळल्यासारखी होते, खोकला जडतो, दम लागतो. वैद्यकात या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. त्याचे लक्षण विलक्षण आहे: सुटीनंतर कामावर परतण्याच्या दिवशी त्रास अधिक जाणवतो, म्हणून पाश्चात्त्य गिरणीनगरांत त्याला सोमवारचा आजार म्हटले जाई. यंत्राने तोडलेले बोट सर्वांना दिसते. झिजलेले फुप्फुस मात्र कामगाराचा अशक्तपणा वा आळस म्हणून खपून जाते.

६/ मग कायदा कसा आला? येथे आपल्या आवडत्या दोन्ही कथा अपुऱ्या पडतात. पहिली कथा सांगते की दयाळू इंग्रजांनी भारतीय मुलांची कणव येऊन कायदा केला. इंग्लंडमधील कामगार कायद्यांसाठी आयुष्य वेचलेले लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी १८७५ मध्ये भारतीय गिरण्यांचा प्रश्न उमरावांच्या सभागृहात मांडला, हे खरे आहे. त्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्यामागे लँकेशायरचे गिरणीमालकही उभे होते, आणि मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या डोळ्यांत सलत होते.

७/ दुसरी कथा सांगते की हा सारा मँचेस्टरचा कावा होता. राष्ट्रीय विचारांच्या बहुतेक वृत्तपत्रांनी त्या काळी हीच भूमिका घेतली आणि कारखाने कायद्याला विरोध केला. स्वदेशी उद्योगाच्या पायात बेडी घालण्याचा हेतू त्यांना त्यात दिसला, आणि तो अगदी काल्पनिकही नव्हता. तथापि या युक्तिवादात एक माणूस गळून गेला. मँचेस्टरच्या हेतूने पट्ट्यात सापडलेल्या हाताची वेदना कमी होत नाही, ही साधी गोष्ट थोर थोर संपादकांच्या लेखणीतून निसटली.

८/ १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यातील बहुसंख्य सदस्यांना कायदा नको होता. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांचा संघही स्थापन झाला. या वातावरणात एका भारतीयाने वेगळा सूर लावला, तो सोराबजी शापूरजी बंगाली यांनी. १८७८ मध्ये त्यांनी स्वतः कारखान्यांविषयीच्या विधेयकाचा मसुदा तयार केला. तो मुंबईच्या कायदेमंडळात मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. कायदा म्हणजे केवळ मँचेस्टरचा कावा, या समजुतीला बंगालींचे हे एकाकी धडपडणे परस्पर उत्तर देते.

९/ अखेर १८८१चा कारखाने कायदा झाला. शंभर वा अधिक माणसे असलेल्या आणि यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा, मधली विश्रांती, महिन्यातून चार सुट्या, धोकादायक यंत्रांना कुंपण आणि अपघातांची वर्दी, एवढे त्यात होते. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी एक अक्षरही नव्हते. अपघात झाल्याची बातमी सरकारला कळवायची होती. अपघात झालेल्या माणसाला काय द्यायचे, याविषयी कायदा मौन पाळत होता.

१०/ याच ठिकाणी लोखंडे इतिहासाच्या रंगमंचावर येतात. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले असल्यामुळे आतले जग त्यांना ठाऊक होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ १८८० पासून ते मुंबईतून चालवू लागले. १८८४ मध्ये सरकारने दुसरा आयोग नेमला तेव्हा लोखंड्यांनी ओळखले की या आयोगापुढे मालक बोलतील, डॉक्टर बोलतील, अधिकारी बोलतील. कामगार आपण होऊन तेथे पोहोचणार नाही.

११/ त्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला बंद. मागील महिन्याचे वेतन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि पाचवी, अपघातग्रस्ताला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन व कायमच्या अपंगाला निर्वाहाची तरतूद.

१२/ ही मागणी किती दूरदर्शी होती याची कल्पना यावी म्हणून तत्कालीन कायद्याची स्थिती पाहा. १८५५च्या एका कायद्यानुसार अपघाती मृत्यू झालेल्याच्या वारसांना भरपाईसाठी दावा लावता येई. पण त्यासाठी मालकाची चूक न्यायालयात सिद्ध करावी लागे. चाळीत दाटीवाटीने राहणाऱ्या, महिनोन्‌महिने उधारीवर वाण्याकडून धान्य आणणाऱ्या विधवेने वकील कोठून लावावा? परळच्या अर्जाने हा प्रश्नच उलटा केला. दोष कोणाचा हे विचारण्याआधी, जखमी माणसाचे घर कसे चालणार हे विचारा, असे त्याचे सांगणे होते.

१३/ पुढे काय झाले? २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. १८९१च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची विश्रांती यांवर मोहोर उमटवली, आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. पहिल्या दोन मागण्या अशा रीतीने पदरात पडल्या. पाचवी तशीच राहिली.

१४/ लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने गेले. त्यांची बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन आजच्या अर्थाने संघटना नव्हती. सभासदांची नोंदवही नाही, वर्गणी नाही, निधी नाही, नियमावली नाही. पुष्कळ अभ्यासक या कारणावरून तिचे महत्त्व कमी लेखतात. मला वाटते, येथेच खरा प्रश्न दडला आहे. तिच्याजवळ धोका अनुभवलेल्या माणसांचा शब्द होता. पण तो शब्द दररोज गिरणीत जाऊन तपासणारी, लिहून ठेवणारी, पाठपुरावा करणारी यंत्रणा नव्हती. नेता गेला आणि आवाज विरला.

१५/ अशी यंत्रणा कशी असते हे पाहण्यासाठी थोडा वेळ मुंबई सोडून फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, आल्सास प्रांतातील म्युलूझ नगरात जाऊ. तेही मुंबईसारखेच कापसावर वाढलेले शहर. भरतकामाच्या रेशमासारख्या चमकदार दोऱ्यांच्या लडींवर ‘डीएमसी’ ही अक्षरे अनेकांनी घरात पाहिली असतील. ती डॉलफुस-मीग या म्युलूझच्याच पेढीची आद्याक्षरे. त्या पेढीतील एक कारखानदार फ्रेडरिक एंगेल-डॉलफुस यांनी १८६७ मध्ये यंत्रांमुळे होणारे अपघात टाळण्यासाठी एक प्रादेशिक संघ स्थापन केला. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी निघालेल्या जगातील आरंभीच्या संघांत त्याची गणना होते.

१६/ एंगेल-डॉलफुस यांची धारणा अशी की मालक कामगाराला वेतनाखेरीज आणखीही काही देणे लागतो. संघाची रीत साधी होती. परिसरातील कारखानदार सभासद होत. संघाचा निरीक्षक त्यांच्या कारखान्यांत फिरे, कोठे चाक उघडे आहे, कोठे पट्टा हाताने सरकवावा लागतो, हे टिपे, आणि उपाय सुचवी. एका कारखान्यात यशस्वी ठरलेले झाकण वा अडसर दुसऱ्याला कळवला जाई. पुढे अशा साधनांचे चित्रसंग्रह फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी भाषांत प्रसिद्ध झाले. १८७१ मध्ये आल्सास जर्मनीच्या ताब्यात गेले, राज्य बदलले; संघाचे काम चालू राहिले.

१७/ म्युलूझचे वर्णन वाचून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. तो संघ मालकांचा होता. निरीक्षकाला सक्तीचा अधिकार नव्हता; मालकाने ऐकले तर ठीक. कामगाराला त्या मेजाभोवती खुर्ची नव्हती. त्याची सुरक्षितता त्याच्यासाठी ठरवली जाई, त्याच्याबरोबर नव्हे. म्हणजे म्युलूझजवळ यंत्रणा होती आणि कामगाराचा शब्द नव्हता. परळजवळ शब्द होता आणि यंत्रणा नव्हती. या दोन अर्ध्या गोष्टी एकत्र येण्यास किती काळ लागला, हा आपल्या पुढील कथेचा विषय आहे.

१८/ मुंबईत परत येऊ. पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. महागाई, गिरण्यांतील मोठे संप, १९१९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि १९२० मध्ये मुंबईतच जन्मलेली आयटक, यांमुळे सरकारवर दबाव वाढला. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. कामामुळे व कामाच्या ओघात इजा झाली तर, काही अपवाद वगळता, मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळण्याचे तत्त्व त्याने स्वीकारले.

१९/ आता परळचा अर्ज आणि हा कायदा शेजारी ठेवा. १८८४ ते १९२३, एकोणचाळीस वर्षे. सुपारीबागेत सही करणाऱ्या तरुण कामगाराचा नातूही एव्हाना साच्यावर उभा राहिला असेल. आणि मिळाले काय? अर्जात पूर्ण वेतन मागितले होते; तात्पुरत्या अपंगत्वासाठी कायद्याने साधारणपणे अर्धे वेतन दिले, तेही आरंभीचे दहा दिवस वगळून. १८८४चे निरक्षर म्हणून हिणवले गेलेले कामगार १९२३च्या विद्वान कायदेमंडळाच्या पुढे होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

२०/ यानंतरच्या काळात आरोग्याची व्याख्याही रुंदावली. प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीला वेतनासह विश्रांती मिळावी, यासाठी मुंबई कायदेमंडळात रा. सी. आसवले यांनी विधेयक आणले. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले, आणि १९२९ मध्ये भारतातील अशा प्रकारचा पहिला कायदा मुंबई प्रांतात झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका मेजाभोवती बसण्याची त्रिपक्षीय रीत त्या वर्षांत रुजली, आणि १९४६ मध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली.

२१/ स्वातंत्र्यानंतर १९४८चा कारखाने कायदा आला आणि १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. त्याच वर्षी राज्य विमा योजनेचा कायदा झाला. १९५९ मध्ये मुंबईत केंद्रीय श्रम संस्था स्थापन झाली. आज तिचे आवार शीव येथे आहे. डिसेंबर १९६५ मध्ये दिल्लीत औद्योगिक सुरक्षा परिषद भरली आणि तिच्यामागोमाग ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय प्रथम मुंबईत होते, नंतर नवी मुंबईत गेले. दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांत जो सुरक्षा दिन होतो, छातीवर बिल्ले लागतात, शपथ घेतली जाते, तो याच स्थापनेच्या स्मरणार्थ.

२२/ येथवर आले की म्युलूझची यंत्रणा आपल्याकडेही आली, असे म्हणता येईल: प्रशिक्षण, तपासणी, भित्तिपत्रके, पारितोषिके. परंतु परळचा शब्द कोठे होता? याचे भयंकर उत्तर बरोबर शंभर वर्षांनी मिळाले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच कारखान्यात १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगार संघटनेने आवाज उठवला होता. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून लिहीत होते. इशारा होता, ऐकण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

२३/ भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यातील दोन कलमे इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावीत. कलम ४१-जी नुसार धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत सुरक्षा समिती हवी, आणि तीत कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. कलम ४१-एच नुसार जीविताला वा आरोग्याला तातडीचा धोका असल्याची सार्थ शंका आल्यास तो व्यवस्थापनाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क कामगारांना मिळाला, आणि त्यावर तत्काळ पाऊल उचलणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरले. शब्द आणि यंत्रणा कागदावर प्रथमच एकत्र आल्या.

२४/ दैवदुर्विलास असा की तोपर्यंत गिरणगाव मोडू लागले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर बहुसंख्य गिरण्या पूर्ववत उभ्या राहिल्या नाहीत. कापड विणणे थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या शेडमध्ये अधिकाधिक सरकत गेले. धूळ तीच, कानठळ्या बसवणारा खडखडाट तोच. पण एका छताखाली हजारो कामगार नाहीत, दहा-वीस आहेत. समसमान प्रतिनिधींची समिती ज्या कायद्याने दिली, त्या कायद्याचा उंबरठाच अशा ठिकाणी पुष्कळदा ओलांडला जात नाही.

२५/ तो उंबरठा आता आणखी उंच झाला आहे. २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९४८च्या कायद्यात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखाना मानला जाई. नव्या संहितेत ही संख्या वीस आहे. यंत्रशक्ती नसेल तेथे वीसऐवजी चाळीस. सुरक्षा समिती कोठे हवी हे संबंधित सरकारच्या आदेशावर सोडले आहे. संहितेच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नाही असे नाही. विखुरलेले अनेक कायदे तिने एका ठिकाणी आणले. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता, १८८१चा शंभराचा उंबरठा १८९१ मध्ये पन्नासावर आला आणि पुढे दहापर्यंत खाली उतरला, तो प्रवास आता उलट दिशेने सुरू झाला आहे.

२६/ कोणी म्हणेल, लहान उद्योजकावर समित्यांचे ओझे टाकले तर तो मोडेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आठ माग चालवणारा मालक अनेकदा स्वतःही कर्जात बुडालेला असतो. परंतु म्युलूझचा धडा येथेच उपयोगी पडतो. प्रत्येक कारखान्याने निरीक्षक नेमावा असे एंगेल-डॉलफुस यांनी म्हटले नव्हते. साऱ्या परिसराने मिळून एक यंत्रणा उभारली होती. भिवंडीच्या वा इचलकरंजीच्या यंत्रमागांसाठी असा एक प्रादेशिक सुरक्षा संघ का असू नये? त्यात आल्सासची उणीव मात्र राहू नये. अर्ध्या खुर्च्या मागावर उभ्या राहणाऱ्यांच्या असाव्यात.

२७/ इतिहासप्रेमी म्हणून आपले काम काय? एक अगदी छोटे. लोखंड्यांविषयी बोलताना पाचही मागण्या सांगा. सुटीची मागणी साजरी करायला सोपी आहे, कारण तिचे फळ आपण सारे चाखतो. पाचवी मागणी अवघड आहे. बांधकामाच्या परातीवर, गोदामात, गटारात उतरणाऱ्या दोरीवर, मोटारसायकलवरून वेळेशी झुंजत डबे पोहोचवणाऱ्या तरुणापर्यंत ती आजही पुरती पोहोचलेली नाही.

२८/ आणि दुसरे काम. तुमच्या घरात वा शेजारी गिरणीत राबलेले कोणी आजोबा, आजी, मामा, आत्या असतील, तर त्यांना संपाविषयी विचारता तसे अपघातांविषयीही विचारा. कोणत्या खात्यात होते, धोटा कधी लागला का, खोकला केव्हापासून सुरू झाला, जखमी झाल्यावर पगार मिळाला का, बदलीवर असताना दवाखान्यात कोण घेऊन गेले. उत्तरे तारीख घालून वहीत लिहून ठेवा. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. या आठवणी सांगणारी पिढीही फार काळ राहणार नाही.

२९/ येत्या ४ मार्चला एखाद्या कारखान्याच्या दारावर सुरक्षा दिनाचे फलक दिसतील. ते पाहून एकच प्रश्न मनात असू द्या: येथील सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी कोण, आणि त्यांना कोणी निवडले? या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळाले, तर सुपारीबागेतील त्या ५,५०० सह्यांचे काही देणे फिटले असे समजा. धागा येथे संपवतो. गिरणगावाच्या कौटुंबिक आठवणी असतील तर खाली अवश्य लिहा. प्रत्येक उत्तर वाचले जाईल.